धावण्याची वर्गणी

धुळ्याहून एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. घर देवपुरातले, मोठे. तीन पिढ्यांची पाने एका पंक्तीस मांडली जातात. त्यांच्या धाकट्या सूनबाईंनी येत्या हिवाळ्यात जळगावास भरणाऱ्या शर्यतीत २१ किलोमीटर धावण्याचे मनावर घेतले आहे. त्या निमित्ताने आप्तेष्टांकडून व शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून पैसे जमवून ते सातपुड्याच्या पायथ्याशी सिकलसेलच्या रोग्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेस द्यावयाचे, असेही त्यांनी ठरविले आहे. यावरून घरात वाद माजला. यजमानांचे म्हणणे असे की, दान करावयाचे तर मुकाट्याने करावे, गुप्तदानासारखे पुण्य नाही, आणि त्यासाठी घरच्या सुनेने हमरस्त्याने धावत सुटण्याचे प्रयोजन काय? धाकट्या भाऊजींना कल्पना पसंत आहे, परंतु त्यांनी अट घातली आहे: शर्यत पुरी केलीस तर पाच हजार रुपये रोख, मध्येच थांबलीस तर एक छदामही नाही. पत्राच्या शेवटच्या चार ओळींत, जणू सहज आठवले म्हणून, बाईंनी स्वतःची अडचण लिहिली आहे. सूनबाई सरावासाठी पहाटे साडेचारास बाहेर पडते व साडेसहास परतते. त्या दोन तासांत घरातला चहा आणि मुलांचे डबे कोणी पाहावयाचे?

मला विचाराल तर पत्रातला खरा प्रश्न हा शेवटचाच आहे. परंतु आधीचे दोन धर्मशास्त्राची व व्यवहाराची पागोटी बांधून पुढे उभे आहेत, तेव्हा त्यांचा समाचार प्रथम घेणे प्राप्त आहे.

अर्ध-मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, आपल्या जुन्या हिशेबाने साडेसहा कोस. धुळ्याहून लळिंगाच्या किल्ल्याच्या पायथ्याशी जाऊन परत यावे, साधारण तितकी ही मजल. जळगावास जळगाव रनर्स ग्रुप ही मंडळी 'खान्देश रन' नावाची शर्यत भरवितात, तिच्यात हा टप्पा असतो. धुळ्यातही आता अशा शर्यती होऊ लागल्या आहेत. अंतराचा अपूर्णांक ज्यांना विचित्र वाटेल त्यांच्यासाठी सांगतो की, अथेन्स येथे १८९६ साली पहिली आधुनिक मॅरेथॉन झाली ती सुमारे ४० किलोमीटरांची होती. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकात विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणातील राजघराण्याच्या आसनापर्यंत जे अंतर मोजले ते ४२.१९५ किलोमीटर भरले, आणि १९२१ साली तेच कायम ठरले. राजाच्या सोयीने आखलेले अंतर आज जगातील यच्चयावत् धावपटू इमानाने धावतात, ही एक मौजच म्हणावयाची.

या शर्यतीच्या मुळाशी असलेली ग्रीक कथा बहुतेकांस ठाऊक असते. मॅरेथॉनच्या रणांगणावरून एक धावक विजयाची वार्ता घेऊन अथेन्सला आला आणि वार्ता सांगताच गतप्राण झाला. ही कथा उत्तरकालीन ग्रंथकारांची आहे. युद्धाच्या काळाला सर्वांत जवळचा इतिहासकार हिरोडोटस. त्याच्या ग्रंथात ही मृत्यूची गोष्ट नाही. त्याने सांगितलेला धावक फिडिपिडीस हा लढाईपूर्वी अथेन्सहून स्पार्टास गेला, आणि गेला तो मदत मागावयास. अंतर सुमारे २४० किलोमीटर. निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो तेथे पोहोचला. स्पार्टाच्या लोकांनी उत्तर दिले की, आमच्या नियमाप्रमाणे पौर्णिमेपूर्वी आम्हांस निघता येत नाही! मुहूर्ताची ही अडचण वाचून आपल्याकडील पुष्कळांना अगदी घरच्यासारखे वाटेल. सांगावयाचे एवढेच की, धावणे आणि दुसऱ्याच्या दारी जाऊन मागणे यांचा संबंध सूनबाईंनी नव्याने जोडलेला नाही. तो शर्यतीहूनही जुना आहे.

आपल्याकडे धावणे हे फार काळ पोटाचे काम होते. अमरकोशात जाङ्घिक, जङ्घाकरिक हे शब्द आहेत ते पायांच्या बळावर निर्वाह करणाऱ्या निरोप्याचे. पेशवाईतले जासूद त्याच परंपरेतले. लोककार्यासाठी धावण्याची उदाहरणे मागाहूनची आहेत, तथापि खान्देशाच्या वाट्यास त्यांतले एक उत्तम उदाहरण आले आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. त्यासाठी मुंबईहून पेटती ज्योत स्वयंसेवकांनी हातोहात, धावत फैजपुरास आणली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात बर्लिनच्या ऑलिंपिकासाठी ज्योत धावत नेण्याचा प्रघात प्रथम पडला होता. पाच महिन्यांच्या आत यावल तालुक्यातील एका गावी तसाच सोहळा झाला, आणि तेथे कोणास सोन्याचे पदक मिळावयाचे नव्हते. त्याही आधी १९२० साली बेळगावकडील फडेप्पा चौगुले हे अँटवर्पच्या ऑलिंपिकात मॅरेथॉन धावून एकोणिसावे आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत खेड्यांतील जवान अनवाणी धावत असलेले पाहून सर दोराबजी टाटांनी हे मनावर घेतले होते व खर्चाचा मोठा भार उचलला होता. तेथे धावणाऱ्यासाठी पैसा जमला, येथे पैशासाठी धावणे आहे, इतकाच फरक.

आता गुप्तदान. यजमानांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे, परंतु ते देणाराचे शास्त्र आहे. सूनबाई येथे मागणाऱ्या आहेत. देणे गुप्त ठेवता येते. मागणे गुप्त ठेवू लागलो तर लोक त्याला निराळे नाव देतील. माधुकरीस जाणारा विद्यार्थी दारात उभा राहून मोठ्याने पुकारा करी, आणि सर्व आळीला ठाऊक असे की हा अमक्याचा मुलगा, अमक्या शास्त्र्यांकडे शिकतो. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि त्यानंतर जवळजवळ आयुष्यभर ते मागत राहिले. हिंगण्याच्या माळावरून पुण्यास कॉलेजात शिकवावयास पायी जात, पायी येत, आणि उरलेल्या वेळात वर्गणी गोळा करीत. सत्तरी उलटल्यावर त्यासाठी परदेशांतही हिंडले. अण्णांच्या मागण्यात कोठे संकोच नव्हता, कारण हिशेब उघडा होता. तळेगावचा काचेचा कारखाना १९०८ साली उभा राहिला तो पैसा फंडातून. तेथेही मागणाऱ्यांनी सर्व महाराष्ट्राच्या देखत हात पसरला, तरी पैसा पैसा देणारे हजारो हात निनावीच राहिले. ज्यांना आपले नाव नको असेल त्यांनी यादीत 'एक हितचिंतक' लिहवून घ्यावे. संस्थेची पावती मात्र खऱ्या नावाने घ्यावी.

तरीही यजमान विचारतील की, मागावयाचे तर मागावे, धावावयाचे कशाला? या प्रश्नाचे उत्तर धुळ्यातच, त्यांच्या घरापासून फार दूर नव्हे अशा जागी दिले गेले आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते. त्यांनी ती उतरून घेतली म्हणून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे. सतराव्या अध्यायावरचे प्रवचन जूनमधले, म्हणजे खान्देशातील उन्हाळ्याच्या अखेरीचे. त्यात यज्ञ, दान आणि तप यांची विनोबांनी लावलेली उपपत्ती थोडक्यात अशी आहे: मनुष्य सृष्टी, समाज आणि शरीर या तीन संस्था बरोबर घेऊन जन्मतो. तिन्ही तो वापरतो, आणि वापरल्याने तिन्ही झिजतात. सृष्टीची झीज भरून काढणे हा यज्ञ, समाजाचे ऋण फेडणे हे दान, आणि शरीरात साचत जाणारी विकृती धुऊन काढणे हे तप. चार महिने पहाटे उठणे, वेळेवर निजणे, जिभेला आवर घालणे आणि त्याच खटाटोपात समाजाचे देणे गोळा करणे, यात तप आणि दान एका सूत्रात ओवले जातात. मागणाऱ्याने आधी स्वतःच्या शरीराची किंमत मोजलेली असली म्हणजे त्याच्या शब्दाला वजन येते, हा व्यवहारही आहेच.

परंतु हे उदाहरण फार ताणू नये. गीतेने शारीर तपात जे जे गणले आहे त्यात धावण्याचे नाव नाही. आणि त्याच अध्यायात असेही सांगितले आहे की, सत्कार व मानासाठी केलेले तप राजस, आणि देहाला पीडा देऊन मूढ हट्टाने केलेले तप तामस. धावून आल्यावर पदक दातांत धरून काढलेली छायाचित्रे दिवसभर आप्तांच्या फोनवर पाठविणे, हे पहिल्या सदरात येते. सूजलेल्या गुडघ्याने पैशाखातर धावत राहणे, हे दुसऱ्या.

आणि म्हणूनच भाऊजींची अट मला मुळीच मान्य नाही. टेरी फॉक्स हा कॅनडातील तरुण. कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गेला. कृत्रिम पाय लावून, कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे जमवीत, तो १२ एप्रिल १९८० रोजी देशाच्या पूर्व टोकापासून पश्चिमेकडे धावत निघाला. रोज जवळजवळ एक पुरी मॅरेथॉन. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले, आणि १ सप्टेंबर रोजी थंडर बे गावाजवळ त्यास थांबावे लागले. रोग फुप्फुसांत पसरला होता. पुढील वर्षीच्या जूनमध्ये तो वारला. संकल्प अर्ध्यावर राहिला. भाऊजींच्या हिशेबाने त्यास छदामही मिळावयास नको होता. लोकांनी मात्र १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत २ कोटी ४० लाखांहून अधिक डॉलर दिले, आणि कॅनडाची लोकसंख्या त्या वेळी साधारण तेवढीच होती. माणशी एक डॉलर मिळावा अशी त्याची इच्छा होती, ती पुरी झाली.

अटीवाचून भाऊजींचे समाधानच होत नसेल तर त्यांनी कौटिल्याचा दर लावावा. अर्थशास्त्रात मध्यम प्रतीच्या दूतास योजनामागे दहा पण वेतन सांगितले आहे, आणि दहा योजनांच्या पुढे शंभर योजनांपर्यंत दुप्पट. पुढची वाट अधिक कष्टाची असते हे त्या कठोर मनुष्यासही कळत होते. आणि जेवढे अंतर गेला तेवढ्याचे वेतन दूतास मिळे. तोच हिशेब येथे केला तर पहिल्या दहा किलोमीटरांस १५० रुपयांप्रमाणे १,५००, पुढील अकरांस ३०० प्रमाणे ३,३००, एकूण ४,८००. पाच हजारांतले उरलेले २०० सूनबाईंच्या केळ्यांसाठी ठेवावेत. बाराव्या किलोमीटरला पायात गोळा आला आणि त्या थांबल्या, तरी संस्थेस २,१०० रुपये पोहोचतील, आणि कोणी त्यांना लंगडत पुढे ढकलणार नाही.

जमलेले पैसे कोणत्या कामी येणार, याची चौकशी घरात कोणीच केलेली दिसत नाही, याचे मला नवल वाटते. सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार आहे. तांबड्या पेशी गोल असावयाच्या त्या प्राणवायू कमी पडला की विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि असह्य वेदना उठतात. आई व बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारांतील एक संभव आजाराचा व दोन संभव वाहकत्वाचे असतात. नंदुरबार, धुळे व जळगाव या जिल्ह्यांतील भिल्ल व पावरा समाजांत याचे रोगी आढळतात. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, त्यामुळे तपासण्या आता अधिक होतात. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात. परंतु पाड्यावरून रुग्णालयापर्यंत जाण्याचे भाडे, बरोबर येणाऱ्या बापाची बुडालेली मजुरी, महिन्यामागून महिना औषध चालू ठेवण्याचा पाठपुरावा, हे खर्च कोणत्याही मोहिमेच्या कागदात नीट मावत नाहीत. अशा रोग्यांस अतिश्रम, थंडी आणि शरीरातील पाणी कमी होणे ही तिन्ही वर्ज्य. म्हणजे हिवाळ्याच्या पहाटे २१ किलोमीटर धावणे ही गोष्ट त्यांना जन्मात करता यावयाची नाही.

येथे एक उदाहरण मुद्दाम देतो. बुलढाणा जिल्ह्यातून पोटासाठी बारामतीकडे आलेल्या लता भगवान करे यांनी साठी उलटल्यावर, पतीच्या तपासण्यांस पैसे नव्हते म्हणून, बारामतीच्या शर्यतीत नऊवारी लुगड्यात अनवाणी धावून बक्षीस मिळविले. २०२० साली त्यांच्या नावाचाच चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतः काम केले, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांच्या कामाचा विशेष उल्लेख झाला. ही गोष्ट सांगितली की सभेत टाळ्या पडतात. मला त्या वाजवाव्याशा वाटत नाहीत. त्या माउलीच्या धैर्याविषयी आदर आहेच. परंतु नवऱ्याच्या तपासणीसाठी म्हातारपणी शर्यत जिंकावी लागावी, ही काही त्या गावाला भूषणाची गोष्ट नव्हे. त्या दिवशी दुसऱ्या कोणी त्यांच्यासाठी धावले असते तर बरे झाले असते. सूनबाई जे करू पाहतात ते हेच आहे.

पैशांच्या बाबतीत मात्र मी सूनबाईंच्या बाजूने ढिला होणार नाही. शर्यतीची प्रवेश-फी हा शर्यतीचा खर्च आहे. तीत सदरा येतो, पदक येते, रस्त्यावरचे पाणी व बंदोबस्त येतो. ती फी दानाच्या रकमेत मिळवून सांगण्याची एक रीत मोठ्या शहरांतून पसरू लागली आहे, ती आपल्याकडे नको. खेळाला खेळ म्हणावे. सूनबाईंनी स्वतःची फी, बूट आणि जळगावचे जाणे-येणे आपल्या पदरचे करावे आणि दानाची यादी अगदी निराळ्या वहीत ठेवावी. पैसे आपल्या हाती घेऊच नयेत. देणारांनी ते संस्थेच्या बँकेतील खात्यात परभारे भरावेत व संस्थेकडून पावती घ्यावी. नोंदलेला सार्वजनिक न्यास नसता लोकांकडून धर्मादाय कारणासाठी वर्गणी जमवावयाची तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यातील कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीकडे जावे लागते. गणेशोत्सवाच्या मंडळांना हे कलम चांगले परिचयाचे आहे. संस्था नोंदलेली आहे काय, तिचे मागील तीन वर्षांचे हिशेब तपासलेले आहेत काय, हे विचारण्यात अविश्वास नाही; लग्न जुळविताना आपण याहून कितीतरी अधिक विचारतो. आणखी एक गोष्ट भाऊजींसाठी. आयकरात सूट घ्यावयाची असेल तर २,००० रुपयांवर रोख दिलेल्या देणगीस ती मिळत नाही, आणि नव्या करपद्धतीने हिशेब करणारास तर मुळीच मिळत नाही. तेव्हा त्यांच्या 'पाच हजार रोख' या शब्दांतला 'रोख' त्यांनी मागे घ्यावा.

आता पहाटेचा चहा.

सरावाचे दिवस आठवड्यास चार धरले आणि सोळा आठवडे धरले तर चौसष्ट सकाळी होतात; प्रत्येकी दोन तास म्हटले तरी १२८ तास. हा वेळ सूनबाईंच्या नावावर जमा होत नसून कोणाच्या तरी नावावर खर्ची पडणार, हे बाईंनी बरोबर ओळखले आहे. त्यांच्या पत्रात कटुता नाही, चिंता आहे; आणि पंधरा माणसांच्या घरात सकाळचे दोन तास म्हणजे काय हे ज्याने ओट्याशी उभे राहून पाहिले नाही त्याने तिला हसू नये. परंतु त्यांनीच ओझरता उल्लेख केला आहे की, यजमान रोज पहाटे पाचास फिरावयास जातात आणि आल्याबरोबर त्यांना चहा लागतो. त्यांच्या फिरण्यामुळे घरातील कोणते काम अडते, असा प्रश्न गेल्या वीस वर्षांत कोणाच्या मनात आला नाही. थोरला मुलगा सुटीच्या दिवशी क्रिकेट खेळावयास जातो, त्याही वेळी आला नाही. सून धावू लागली आणि तो तत्काळ आला. ऑलिंपिकात पुरुषांची मॅरेथॉन १८९६ साली सुरू झाली; स्त्रियांची सुरू व्हावयास १९८४ साल उजाडावे लागले. स्त्रियांच्या देहाला एवढे अंतर झेपणार नाही असे तोवर विद्वान सांगत होते. पुढे आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील आदिवासी पाड्यावरची कविता राऊत २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकात मॅरेथॉन धावून आली.

चहा करणे हा स्त्रीधर्म आहे असे कोणत्याही स्मृतीत सांगितलेले नाही. शास्त्रकारांना चहाच ठाऊक नव्हता. तेव्हा यजमानांनी फिरून आल्यावर आधण स्वतः ठेवावे. पहिले आठ दिवस तो पाणचट होईल, नंतर जमेल. डब्यांची भाजी रात्री चिरून ठेवावी, आणि पोळ्यांचे दिवस थोरल्या सूनबाईंनी व थोरल्या चिरंजीवांनी वाटून घ्यावेत. चिरंजीवांस पोळ्या येत नसतील तर डब्यात धिरडी द्यावीत, मुलांना ती अधिकच आवडतात. थोरल्या सूनबाईंवर सर्व भार टाकून धाकटीने पुण्य जोडावे, असा प्रकार मात्र होऊ देऊ नये. जावाजावांतली वितुष्टे अशाच लहान गोष्टींतून उगवतात. माझी तर सूचना अशी की, देणगीदारांच्या यादीत सर्वांत वर घराचे नाव घालावे आणि रकमेच्या जागी 'चौसष्ट सकाळी' असे लिहावे.

शरीराविषयी थोडे. ज्याने कधी धावले नाही त्याने एकदम धावू नये. चालणे व धावणे मिसळून आरंभ करावा, अंतर आठवड्यागणिक थोडथोडे वाढवावे, आणि शर्यतीपूर्वी एकदा सोळा-अठरा किलोमीटर झाले की पुरे. चाळिशी उलटलेल्यांनी, आणि रक्तदाब वा मधुमेह असणाऱ्यांनी वयाची वाट न पाहता, आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणास हुरूप आला तर त्यांनी फौजा सिंग यांचे नाव ध्यानात ठेवावे. हे पंजाबी गृहस्थ ऐंशी उलटल्यावर धावू लागले, २००० साली लंडनची मॅरेथॉन धावले, धर्मादाय संस्थांसाठी पैसे जमविण्यास आपले नाव दिले. पासपोर्टावरील जन्मसाल १९११. जुलै २०२५ मध्ये जालंधराजवळ आपल्या गावी रस्त्यावर वाहनाची धडक बसून ते गेले. धावण्याने त्यांना काही झाले नाही. तेव्हा सूनबाईंनी पहाटेच्या अंधारात महामार्ग टाळावा, उजळ रंगाचा सदरा घालावा, आणि पांझरेच्या काठाने, माणसांची वर्दळ असेल तेथेच, एखादी जोडीदारीण घेऊन धावावे.

मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास चढणारा आपला मुलूख. आपल्याकडच्या शर्यती हिवाळ्यात होतात हे शहाणपणाचेच आहे. परंतु हिवाळ्यातली कोरडी हवाही फसवी असते. घाम निथळण्यापूर्वीच वाळून जातो आणि शरीरातले पाणी गेले हे कळत नाही. तहान लागेल तसे घोटघोट पाणी प्यावे. भीतीने तांब्यावर तांबे रिचविणेही घातक, त्याने रक्तातील मीठ उतरते. लिंबू, साखर, मीठ घातलेले पाणी बरे. केळ्यांची खान्देशात ददात नाही, रावेर-यावलचे केळे हे धावणाराचे उत्तम अन्न आहे. नवे बूट शर्यतीच्या दिवशी प्रथम घालू नयेत. धुळ्याहून जळगाव पारोळा, एरंडोल या मार्गाने नव्वद किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि शर्यत उजाडण्याच्या सुमारास सुटते. तेव्हा आदल्या दिवशी दुपारीच निघून एखाद्या नातलगाकडे मुक्काम करावा. नातलग जळगावचे असले म्हणजे त्या दिवसांत रात्री भरीत-पुरीचा बेत ठरलेलाच. तो त्यांना आधी फोन करून दुसऱ्या दिवशी दुपारवर ढकलावयास सांगावे.